बिनअस्तराची गादी

थोरल्यानं गिऱ्हाईक थेट बाबांच्या खाटेपाशी आणलं. गिऱ्हाइकानं नाकाला रुमाल लावला, तसा थोरला घाईघाईनं म्हणाला की वास आजारपणाचा आहे, गादीचा नाही.

खाटेवर फळी, फळीवर एकमेकींना जोडलेल्या आडव्या रबरी नळ्या आणि त्यांवर बाबा. पडून पडून पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून माणसाला हवेवर निजवायचं, अशी ही गादी. थोरल्याच्याच कारखान्यातली. दुसऱ्यांच्या नळ्यांना कापडाचं अस्तर असतं. यानं ते काढून टाकलं. त्यामुळे मऊ लागते म्हणे. बाबांच्या पाठीला जखम झाली ती या मऊ गादीवरच, आणि ती रोज धूत होती धाकटी बहीण.

"हवा भर गं जरा," थोरला तिला म्हणाला.

धाकटीनं पायपंप दाबायला सुरुवात केली. आधी जोर लागला, सगळ्या नळ्या सारख्याच वर आल्या. मग पंप एकदम हलका झाला. कमरेखालच्या नळीला मधोमध टेंगूळ आलं. त्यानंतर भरली ती हवा सगळी त्या टेंगळात गेली, शिवाय शेजारच्या नळ्यांतलीही तिकडेच पळाली आणि त्या लुळ्या पडल्या. टेंगूळ नेमकं जखमेखाली होतं. बाबांनी ओठ आवळले.

"बघा, पंप कसा लोण्यासारखा चालतो," थोरला गिऱ्हाइकाला म्हणाला.

धाकटीला राहवेना. रबर तिथं पातळ झालंय, हवा तिथंच जाणार, रोज हेच होतं; जुनी कापसाची गादी परत घालू, असं तिनं परक्या माणसादेखत सांगितलं. आधीही ती सांगत होतीच. बाबांना स्वतः सांगू दे, लगेच काढतो, असं थोरला दर वेळी म्हणायचा. आणि बाबा काही बोलत नव्हते.

"पिकतं तिथं विकत नाही," थोरला हसून म्हणाला. मग त्यानं बाबांना पोत्यासारखं पलीकडे सरकवलं आणि स्वतः त्या टेंगळावर बसला. थोरल्याच्या शब्दाला घरात वजन होतं, आणि अंगाचं वजन तर होतंच. टेंगूळ त्याच्याखालून सटकलं आणि बाबांच्या बरगडीखाली वर आलं. पट्टी सुटली. रबरावर पिवळट ओल पसरली. ती आपल्या पँटला लागत नाही ना, हे थोरल्यानं आधी पाहिलं.

"माझं वजन पेलते, तर पेशंटचं काय घेऊन बसलात? भर गं अजून."

बाबांचे ओठ हलले. धाकटी पंप सोडून वाकली. आता बाबा एवढं एकदा बोलले की ही गादी उचलून रस्त्यावर फेकायची, असं तिनं मनात ठरवूनही टाकलं.

"भरू नकोस," बाबा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. धाकटीला इतकं बरं वाटलं की तिचे डोळे भरून आले.

"फुटली तर त्याला लागेल," बाबांनी वाक्य पुरं केलं.

जखम धुताना, घाणीच्या चादरी बदलताना तिला कधी किळस आली नव्हती. आत्ता आली. थोरल्याची आली, त्या रुमालवाल्याची आली, आणि ज्यांची येऊ नये त्यांचीही आली.

तिनं वाकून नळीचं बूच ओढलं. कोंडलेल्या रबराचा वास खोलीभर झाला. टेंगूळ बसलं, तशी सगळी गादी खाली गेली आणि थोरला मागे कलंडला. बाबांची पाठ फळीला टेकली. तिथूनच त्यांनी थोरल्याला सावरायला हात पुढे केला.