वारा नसताना

कापराच्या झाडाखाली बसलेली बाई उठायला तयार नव्हती. करवतवाले चार मजूर तासभर ताटकळले होते. शेवटी मुकादम बलराम नगरपालिकेच्या कचेरीत गेला आणि बागखात्याचा अधिकारी देवराज याला घेऊन आला.

त्या बागेत आता हे एकच मोठं झाड उरलं होतं. सात वर्षांत देवराजनं शहराच्या पाचही बागांतली जुनी झाडं एकेक करून पाडली होती. त्यांच्या जागी गुलाबाचे वाफे आले, गुडघ्याएवढी कुंपणं आली. कुणाच्या अंगावर पडू शकणार नाही, असंच सगळं. दुपारी झोपाळ्यांच्या साखळ्या एवढ्या तापत की मुलं हात लावत नसत. डॉमिनो खेळणारे म्हातारे सावली शोधत बसथांब्यावर जाऊन बसू लागले. लोकांनी तक्रारी केल्या. देवराजनं प्रत्येक तक्रारीला स्वतः उत्तर लिहिलं आणि यादीतलं पुढचं झाड पाडलं.

कारण त्याचं त्यालाच ठाऊक होतं. पंच्याहत्तरच्या फेब्रुवारीत झेर्वेझ चक्रीवादळ बेटावरून गेलं. त्यानंतर चौथ्या दिवशी, लख्ख उन्हात, पानही हलत नसताना, याच बागेतलं बदामाचं झाड मुळापासून कलंडलं. खाली मागच्या गल्लीतली नऊ वर्षांची चंद्रिका वही घेऊन बसली होती.

वादळानं झाड खिळखिळं केलं होतं, असं चौकशीत ठरलं. पण त्याआधीच, पोर गेल्याच्या दुसऱ्या दिवशी, देवराजनं टेबलाचा खण उघडला होता. त्यात दोन महिन्यांपूर्वी आलेलं एक पाकीट होतं, न फोडलेलं. गल्लीतल्या लोकांनी लिहिलं होतं की बदाम आतून पोकळ झालाय, पाडून टाका. देवराजनं ते पत्र सें पिएर गावातल्या आपल्या घरी नेलं आणि चुलीत घातलं. त्याला कुणी विचारलं नाही. त्यानंही सांगितलं नाही.

वारा सुटला की बेटावरची माणसं घाबरतात. देवराजला वारा पडला की भीती वाटे. शांत दुपारी त्याला लाकूड करकरल्याचा आवाज येई. जेवता जेवता तो वर बघे. बायकोनं, भगवतीनं, विचारलं तर म्हणे, पत्र्याचे खिळे बघत होतो.

झाडाखालच्या बाईला त्यानं लांबूनच ओळखलं. राजलक्ष्मी, चंद्रिकाची आई. बागेमागच्या गल्लीत राहणारी. त्या गल्लीत सात वर्षांत त्यानं पाऊल टाकलं नव्हतं. आज ही जाब विचारणार, असं त्याला वाटलं, आणि कुठंतरी बरंही वाटलं.

पण तिनं हात जोडले. या झाडानं कुणाचं काही केलं नाही, म्हणाली. त्या बदामाचाही दोष नव्हता. शेजाऱ्यांनी अर्ज पाठवला तेव्हा ती एकटीच कचेरीत गेली होती. झाड पाडू नका, म्हणून कारकुनाच्या पाया पडली होती. घरात पत्र्याखाली भट्टी होते, पोर अभ्यासाला तिथंच बसते, तेवढी एकच सावली आहे. साहेबांना सांगतो, असं कारकून म्हणाला होता. आणि झाड राहिलं.

"माज्या बोलन्यानं तुमी ते ठेवलंत, मिस्ये," ती म्हणाली. "पोरीला मारली ती मी. तुमी झाडं कशापायी मारता?"

बलराम मान खाली घालून उभा होता. देवराजला कळलं, आता आपण काहीच बोललो नाही तरी चालेल. नुसती मान हलवली तरी पुरे. पत्र जळून गेलं होतं, आणि दोष या बाईनं आपण होऊन डोक्यावर घेतला होता. वर कापराचं एकही पान हलत नव्हतं.

दिवसभर बेटाची क्रेओल बोली बोलणारा देवराज घरच्या मराठीत अडखळत बोलला.

"तुमचा निरोप मला कुणी दिला नव्हता, बाई. शेजाऱ्यांचा अर्जही मी वाचला नव्हता. पाकीट माझ्या खणात तसंच पडून होतं. तुम्ही आला नसता, तरी ते झाड उभंच राहिलं असतं. पोर गेल्यावर मी ते पाकीट फोडलं. आणि जाळलं."

राजलक्ष्मीनं सांगितलं की चिता पेटली त्याच दिवशी तिनं नवऱ्यापाशी सगळं कबूल केलं होतं. त्या दिवसापासून जयदेव तिच्याशी एक शब्द बोलला नव्हता. वाढलेलं जेवायचा, ताट धुऊन ठेवायचा आणि भिंतीकडे तोंड करून झोपायचा.

मग ती उठली.

"चल," ती म्हणाली. आता साहेबाला म्हणायचं मिस्ये नव्हतं, तुमीही नव्हतं. "ह्ये त्येला सांग."

देवराजनं मजुरांना परत पाठवलं आणि तिच्या मागून गल्लीत शिरला.

जयदेव ओसरीवर शेंगा सोलत बसला होता. देवराजनं अंगणातूनच आपलं नाव सांगितलं, हुद्दा सांगितला, आणि मग काही न गाळता सगळं सांगितलं. जयदेवचे हात थांबले. त्यानं मान वर केली नाही. शेजारच्या घरात रेडिओ लागला होता, त्यावरचं एक गाणं संपलं, दुसरं सुरू झालं.

मग त्यानं वर पाहिलं. देवराजकडे नाही, त्याच्या मागं उभ्या असलेल्या बायकोकडे.

"लक्षुमे, उनात किती उभी ऱ्हाशील," तो म्हणाला. "आत ये."