चौथं वादळ

जालन्याच्या उद्धव खरातला गटात घ्यायचं की नाही, यावर मतदान चाललं होतं. गट एका जुन्या जपानी खेळाच्या वेड्यांचा. खेळात नुसता दीपस्तंभ सांभाळत बसायचं. लातुरात तेजलला असा दुसरा वेडा कधी भेटला नव्हता. हे पाच मित्र मैत्री जुळवणाऱ्या एका ॲपनंच मिळवून दिले होते. माणसं कमी पडली की ॲप स्वतःच बनावट माणसं तयार करून गट भरतं, हे सगळ्यांना माहीत होतं. म्हणून तर नव्याला प्रश्न विचारायचा रिवाज.

"चौथ्या वादळातली होडी कशी वाचवलीस?" ओसाकाच्या केंजीनं विचारलं.

"नाही वाचली," उद्धवनं लिहिलं. "आपल्याकडची डुप्लिकेट कॅसेट तिथंच अडकायची. काढून फुंकर मारायची, परत घालायची, परत तेच."

"बनावट!" पाचही जणांनी लिहिलं.

तेजलची कॅसेटही तिथंच अडकायची. पण मित्रांना हे सांगायची तिला लाज वाटायची. तिनंही 'बनावट' दाबलं.

जेवताना मात्र तिनं फोन पुन्हा उघडला. तिनं गटात विचारलं, "तुमची कॅसेट कधीच अडकली नाही?"

"कधीच नाही." पाच उत्तरं एकदम आली. आठवायलासुद्धा कुणी थांबलं नाही.

उष्ट्या हातानंच तिनं उद्धवला शोधून लिहिलं, "चुकले मी. माझीही तिथंच अडकायची."

"राहू द्या ताई," त्याचं उत्तर आलं. "ॲपनं मला दुसरा गट दिलाय. पाच जण आहेत. पाचही जणांची तिथंच अडकायची."