तिसऱ्या टेबलावरचा पाय

आचाऱ्याचा पाय तिसऱ्या टेबलावर होता, एक वजनकाटा आणि शोभेच्या माशांची रिकामी काचपेटी यांच्या मधे. त्याने तो दारातूनच ओळखला.

"तोच," तो ताईला म्हणाला.

दवाखान्याचा हॉल आज लिलावासाठी उघडला होता. खुर्च्या, पडदे, यंत्रं, सगळ्यांवर पिवळे नंबर चिकटवले होते. आचाऱ्याचा पहिला कृत्रिम पाय याच दवाखान्याने बसवला होता. तो मापात चुकला. गुडघ्याखाली जखम झाली, ती चिघळली, हॉटेलातलं काम गेलं. दवाखान्याने चूक कबूल केली, नव्याने माप घेतलं, दुसरा पाय तयारही केला. तो हातात पडायच्या आत मालकांनी काढता पाय घेतला आणि शटरवर कोर्टाची नोटीस लागली. पायासाठी आचाऱ्याने कर्ज काढलं होतं आणि फायनान्स कंपनीने ते सगळे पैसे दवाखान्याला आधीच देऊन टाकले होते. तिचे हप्ते मात्र चालू होते. जामीन ताई होती.

सकाळीच तिने कंपनीला फोन केला होता. पलीकडची मुलगी गोड बोलली.

"मॅडम, कर्ज मंजूर झालं, पैसे गेले. आमचं काम तिथे संपलं. पायाचं दवाखान्याशी बोला."

"दवाखाना बुडालाय."

"हो का? हप्ता ठरल्या तारखेलाच जाईल, मॅडम."

सामान विकायला कोर्टाने नेमलेला अधिकारी चहा पीत बसला होता. पन्नाशीचा, सभ्य माणूस. त्याने उठून आचाऱ्याला खुर्ची दिली, कुबड्या स्वतः भिंतीला टेकवून ठेवल्या.

"तो पाय माझा आहे," आचारी म्हणाला.

"दवाखान्यात सापडला. म्हणजे दवाखान्याची मालमत्ता."

"याच्या मापाचा आहे तो," ताई म्हणाली. "दुसऱ्या कुणाला बसणार आहे का? तुम्हाला बसेल?"

अधिकारी हसला. "ग्राहक न्यायालयात जा. अवश्य जा, हक्क आहे तुमचा. दवाखान्यावर लावा दावा, कंपनीवरही लावा. दोन-तीन वर्षांत निकाल येतो."

"आणि तोवर हा काय लंगडी खेळणार?"

अधिकाऱ्याने कप खाली ठेवला. थोडा वेळ आचाऱ्याच्या दुमडून पिन लावलेल्या पँटकडे पाहिलं.

"असं करू. घालून बघा. बरोबर बसला, तर तुमच्याच मापाचा आहे अशी मी नोंद करतो. दाव्यात उपयोगी पडेल."

ताईने टेबलावरून पाय आणला. आचाऱ्याने पँट वर सरकवली, मोजा नीट केला आणि उरलेला पाय नव्या पायाच्या वरच्या, मापाने घडवलेल्या पेल्यात घातला. सवयीने दात आवळून तो कळ यायची वाट पाहत राहिला. कळ आली नाही.

तो उभा राहिला. आधी बोटं टेबलाच्या कडेवर होती, मग नव्हती. खिडकीपर्यंत गेला आणि वळला. दोन शेगड्यांच्या मधे वळतात तसा, झटकन.

"अरे, हळू," ताई म्हणाली.

तो आणखी एकदा खिडकीपर्यंत गेला. गरज नव्हती तरी गेला.

जुनं सामान घेणारा एक व्यापारी पडद्यांचा ढीग उलटापालटा करून पाहत होता. त्याने पडदे सोडले.

"पंजा बाहेरच्या बनावटीचा दिसतोय. दादा, जरा जोरात चालून दाखवता का?"

आचाऱ्याला वाटलं, नोंदीसाठीच विचारतायत. तो जोरात चालला.

"टाच नीट दाबली जातेय? आवाज वगैरे?"

"काही नाही. लोण्यासारखा आहे."

"एक उडी मारा बरं, छोटीशी."

आचाऱ्याने उडी मारली आणि तो हसला. जखम झाल्यापासून ताईने त्याला हसताना पाहिलं नव्हतं.

व्यापारी अधिकाऱ्याकडे वळला आणि त्याने आकडा सांगितला. अधिकाऱ्याने हॉलभर पाहिलं. आणखी कुणी बोली लावली नाही. ताईने पर्स उघडली आणि पुन्हा मिटली.

"विकला," अधिकारी म्हणाला. मग तो आचाऱ्याकडे न बघता बोलला, "माझेही हात बांधलेले आहेत हो. बोली आली की मला नाही म्हणता येत नाही."

"तुम्ही नोंद करणार होतात," ताई म्हणाली.

"केली ना. मापाचाच होता, असं स्पष्ट लिहिलंय."

आचारी हॉलच्या मधोमध उभा होता, तसाच राहिला. व्यापाऱ्याने खिशातून एक छोटा पाना काढला आणि त्याच्यासमोर उकिडवा बसला. माणूस उर्मट नव्हता. त्याने पँटचा काठ हलक्या हाताने वर केला, धूळ लागू नये म्हणून दुमडलासुद्धा.

"वरचा पेला तुम्हालाच राहू द्या, दादा. तो कुणाला बसणार? मला नळी आणि पंजा पुरे. बसायचीही गरज नाही, उभ्याउभ्या होईल. दोनच स्क्रू आहेत."

पहिला स्क्रू निघाला. दुसरा थोडा घट्ट होता, नवा असल्यामुळे.

"हां. आता पाय उचला जरा," तो म्हणाला.

आचाऱ्याने ताईच्या खांद्यावर हात ठेवला आणि उचलला.