प्रोखोरचा पेला

कोर्टाचा बेलीफ व्होल्गाकाठच्या त्या कारखान्यात व्होडकाच्या खोक्यांवर लाखेच्या मोहरा उठवत चालला होता. कोर्टाच्या निकालानं आजपासून व्होडकाचं नाव सरकारी कंपनीचं, लेबलावरचा बगळाही तिचाच. बाहेर थेंबही जाता कामा नये. लेबलं चिकटवणारी ग्लाफिरा वारलेल्या नवऱ्याच्या टेबलापाशी उभी होती. त्यावर भरलेला पेला, पेल्यावर काळ्या पावाचा तुकडा. गेलेल्याच्या पेल्याला चाळिसाव्या दिवसापर्यंत कुणी हात लावत नाही. “उचल तो, बाई! माझ्या गळ्याशी येईल,” मॅनेजर कुजबुजला. ती हलली नाही. बेलीफ पेल्यापाशी थांबला. “यातही तीच व्होडका ना?” “तीच,” ग्लाफिरा म्हणाली. “मग जप्त.” त्यानं लाख वितळवली. ग्लाफिरा आडवी आली. “तो बगळा माझ्या प्रोखोरनं काढलाय, साहेब, याच टेबलावर. मालकीवरून तुम्ही सगळे भांडलात, त्याला कुणी विचारलं? बगळा न्या. पेला त्याचाच आहे.” बेलीफच्या हातातच लाख गार झाली.