एकास एक

स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून मिस्त्री उकिडवा बसला होता. डोळे मिटलेले. चालू मोटरसायकलच्या पोटातून ठकठक येत होती, आणि तिचे मालक, काका, बाजूला उभे होते.

मिस्त्रीने गाडी बंद केली. नुसत्या आवाजावरून गाडीचं दुखणं सांगणारा म्हणून लोक त्याला कानसेन म्हणत, आणि तोही त्या नावाला ओ देई.

"काका, कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग गेलंय. इंजिन खाली घ्यावं लागेल."

"किती दिवस?"

"आठ. पार्ट नाही मिळाला तर दहा."

काकांनी भिंतीकडच्या बाकाकडे पाहिलं. तिथे काकू बसल्या होत्या, गळ्याभोवती मऊ पांढरा रुमाल.

"आठ दिवस जमायचं नाही रे. हिचं घशाचं रेडिएशन चालू आहे. रोज सकाळी साडेआठला. तेहतीस घ्यायचीत, एकोणीस झाली. मधे खाडा करायचा नाही असं डॉक्टरांनी बजावलंय. इस्पितळ पंचवीस किलोमीटर, पहिली बस साडेनऊची. आणि शेजाऱ्यांच्या गाड्या त्या वेळेला त्यांनाच लागतात."

मिस्त्री खाली मान घालून फडक्याला हात पुसत राहिला. हात केव्हाच स्वच्छ झाले होते.

"अशीच चालवलीत तर वाटेत इंजिन जाम होईल, काका. मागे काकू बसलेल्या असणार. माझ्याच्याने हो म्हणवत नाही."

त्याने ऑइलच्या नटाखाली भांडं सरकवलं आणि पान्हा लावला.

टण्.

काकूंनी बाकाशेजारचा रिकामा डबा वाजवला होता.

"हिला बोलायची बंदी आहे," काका म्हणाले. "पस्तीस वर्षांत पहिल्यांदा माझी पाळी आलीय."

काकूंनी तिकडे लक्ष दिलं नाही. बोटाने गाडी दाखवली आणि किक मारल्यासारखा पाय हलवला. मिस्त्रीने किक मारली. काकू उठून जवळ आल्या आणि तळवा पालथा धरून हवेतच खाली, खाली दाबू लागल्या.

"काय म्हणताहेत?"

काका त्या हाताकडे बघत राहिले होते.

"हळू," ते म्हणाले. "प्रार्थनेच्या गाण्यांना ठेका हिचा असायचा. गाणारे पळायला लागले की ही असाच हात दाबते. ऑपरेशन झाल्यापासून हा हात वर आलेला मी बघितला नव्हता."

मिस्त्रीने स्क्रू फिरवत इंजिन इतकं हळू केलं की आता विझतं की मग. सायलेन्सरच्या नळीतून धुराचा एकेक फटका सुटा ऐकू येऊ लागला. काकूंनी डोळे मिटले. मग त्यांची टाळी फटक्यावर पडू लागली आणि चप्पल ठकठकीवर. टाळी, चप्पल. टाळी, चप्पल. फार जलद, पण एक मात्रा इकडची तिकडे नाही.

काकांना काही उमजेना. मिस्त्रीने मात्र ऑइलच्या नटावरचा पान्हा काढून घेतला.

"एकास एक," तो पुटपुटला.

"म्हणजे काय?"

"रॉडचं दुखणं असतं तर एका फटक्याला दोनदा ठक झालं असतं. खाली रॉडचे दोन फेरे होतात तेव्हा धूर एकदा सुटतो. हे एकदाच वाजतंय. म्हणजे दुखणं खाली नाही, वर आहे. धूर सोडणाऱ्या व्हॉल्व्हपाशी." त्याने कपाळाला हात लावला. "आवाज एवढा जाड होता, काका, की मी तो नुसता ऐकला. मोजलाच नाही."

इंजिन गार होईस्तोवर तिघं बाकावर बसून राहिली. मग मिस्त्रीने वरचं झाकण खोललं. आत एक एवढासा नट सैल झाला होता, नुसत्या बोटाने फिरत होता. त्याने पातळ पट्टी घालून फट मापली, नट आवळला, झाकण लावलं आणि किक मारली.

ठकठक नव्हती. नुसता फटका, एकामागून एक, सरळ.

काका काही बोलायला गेले, पण मिस्त्रीनेच आधी हात जोडले, तेही काकूंकडे वळून.

"काकू, देवाने कान मला दिले आणि त्या कानांची चूक काढायला तुम्हाला धाडलं. नाहीतर चांगलं इंजिन मी आज फोडून ठेवलं असतं, आणि तुमचे आठ दिवस..."

 काकूंनी दोन बोटांत त्याच्या कानाची पाळी धरली, हलकेच पिरगळली आणि हसल्या.

"स्वस्तात सुटलास," काका म्हणाले. "आमच्या गाणाऱ्यांना ही एवढ्यावर सोडत नाही."

दोघं निघाली. मिस्त्री दारात उभा राहून ऐकत होता. काकूंचा हात काकांच्या खांद्यावर होता आणि बोटं इंजिनाच्या ठेक्यावर पडत होती. वळणापाशी पोचता पोचता काकांनी आनंदाच्या भरात गाडी जरा पळवली.

बोटं थांबली. तळवा खांद्यावर पालथा झाला आणि दोनदा खाली दाबला गेला.

गाडी हळू झाली.