मोज्यांची घुंगरं

आई दवाखान्यातून घरी येईपर्यंत बाळ मावशीकडे होतं. श्वासासाठी त्याच्या गळ्याला नळी बसवलेली, त्यामुळे ते कितीही रडलं तरी आवाज फुटत नसे. म्हणून मावशीनं त्याच्या मोज्यांना घुंगरं शिवली. ती वाजत असली की तिच्या जिवात जीव असे.

एकाएकी घुंगरं थांबली. नळीत कफ तर अडकला नाही? गॅसवरचं दूध तसंच टाकून ती धावली.

बाळ पाय आवरून दाराकडे टक लावून बघत होतं. ती दिसताच बोळकं पसरून हसलं. सकाळपासून हे असंच चाललं होतं.

“लबाडा, मला बोलवायला असं निपचित पडू नकोस रे,” नळी तपासत ती म्हणाली. “एखाद्या दिवशी मला वाटेल, तू खेळतोयस.”