धाकट्याचं बोट

धाकट्यानं टॉवेल भिरकावला. तो थेट आरशावर जाऊन लटकला.

"कात्री जागेवर ठेवायला काय हात मोडतात का? बास झालं! सलूनची वाटणी करू. मधे भिंत घाल, दादा! तुझी एक खुर्ची, माझी एक!"

बाकावर बसलेल्या गिऱ्हाइकांनी पेपरात तोंडं खुपसली. थोरला मात्र गालातल्या गालात हसला.

आठवडाभर हेच चाललं होतं. धाकटा सकाळी फणीवर डाफरायचा, दुपारी रडवेला व्हायचा, संध्याकाळी उगाच खिदळायचा. मग पुन्हा भडका, आणि गाडी वाटणीवर. बापानं उभारलेलं एवढंसं सलून. भिंत घातली असती तर एकाच्या वाट्याला आरसा आला असता, दुसऱ्याच्या वाट्याला नळ. थोरल्याची झोप उडाली होती. रात्री उठून उठून तो पाणी प्यायचा.

बरं, थोरल्याचं काही चुकलं म्हणावं, तर तो देवमाणूस. परवा एकाला अर्धी दाढी ठेवून बाहेर काढलं खरं, पण तो शिंकलाच कशाला? आणि बायकोवर ओरडला होता, तर तीच फार हळू बोलत होती.

पण आज सकाळी चमत्कार झाला. शेजारचा औषधवाला दाढीला बसला होता. तोंडावर फेस, तरी गडी बोलायचा थांबेना.

"रक्तातली साखर वरखाली झाली ना, की डोकंही वरखाली होतं, राव. माणूस घटकेत तापतो, घटकेत ढेपाळतो. घरचे म्हणतात, स्वभावच बिघडला याचा. दर वेळी साखरच असते असं नाही हं. कधी मनाचा आजार असतो, त्याचा डॉक्टर वेगळा. पण आधी बोट टोचून बघायला काय जातं?"

थोरल्याचा वस्तरा हवेतच थांबला. म्हणजे धाकटा वाईट नव्हता! धाकटा आजारी होता! त्याला एवढं भरून आलं की त्यानं औषधवाल्याच्या मिशीची दोन्ही टोकं सारखी कापली. असं भाग्य महिनाभरात कुणाला लाभलं नव्हतं. औषधवाल्यानं जाताना साखर मोजायचं मशीन त्याच्या हातात ठेवलं.

तेच मशीन आता थोरल्यानं खिशातून काढलं.

"ये रे राजा. बस खुर्चीत. बोट दे."

"कशाला?" धाकटा गुरगुरला.

"गंमत आहे. मुंगी चावल्यासारखं होतं, बस."

"मग तुलाच चावू दे की!"

बाकावरचा पोस्टमन फिसकन हसला. थोरल्यानं धाकट्याकडे वळून बाही सरसावली. या सलूनची रीतच होती. नवा वस्तरा असो, नवा कलप असो, आधी आपल्या अंगावर, मग दुसऱ्याच्या. बाप तसंच करायचा.

"हे बघ, भित्र्या!" त्यानं आपल्या बोटाला सुई टोचली. थेंब पट्टीला लावला. "काही झालं? नाही ना? आता नवी सुई लावतो, आणि तू..."

मशीन टुंग वाजलं.

धाकटा उडी मारून पुढे आला. पोस्टमन उठला. दारात औषधवाला उभा होता. तो कधी आला, कुणास ठाऊक.

"तीनशे ऐंशी!" धाकटा ओरडला.

"म्हणजे किती?" थोरल्यानं विचारलं.

"म्हणजे दुकान बंद कर, आणि आत्ता डॉक्टरकडे चल," औषधवाला म्हणाला. "याच्या निम्मीसुद्धा जास्त झाली असती."

"मशीन बिघडलंय!"

औषधवाल्यानं खिशातून दुसरं मशीन काढलं. त्यावर पाच जास्तच आली.

थोरला मटकन आपल्याच खुर्चीत बसला. त्यानं बोट बघितलं, मग धाकट्याकडे बघितलं. धाकट्याच्या कपाळावर एकही आठी नव्हती. डोळ्यांत पाणी, आणि तोंडभर हसू.

"अरे, पण... चिडतोस तर तू!"

"वहिनीनं तपासून घे म्हटलं, तर तिच्याशी चार दिवस बोलला नाहीस. मी म्हटलं, तर माझ्यावर कंगवा फेकलास. मग ह्या औषधवाल्यांना म्हटलं, स्वतःसाठी नाही, पण माझं बोट टोचायला तो नक्की निघेल, आणि रीतीनं आधी स्वतःचंच टोचेल." धाकट्यानं त्याच्या गळ्यात हात टाकला. "आठवडाभर तुझी नक्कल करतोय, दादा. घसा बसला माझा. तू रोज कसं रे जमवतोस?"